महापूर आणि आपलीं नाजूक प्रकृतीचीं मुलें

(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्तानें कळंब येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या मांडवांत गेलेल्या वर्षांचा गौरव व्हावा ही रीतच आहे. भिंती कोणीं उभारल्या, विहीर कोणीं खणली, दुष्काळांत कोणीं कोणाला ज्वारी दिली, हें सांगणारी वडील मंडळी आज येथें बसली आहे, आणि तें काम आमच्याहून अधिक अधिकारानें तीच करूं शकेल. आमच्या वांट्यास आलेला विषय कांहींसा वेगळा आहे. ज्या मुलांचा श्वास यंत्रावर चालतो, ज्यांचें अन्न नळींतून पोटांत जातें, ज्यांचा प्राण रोजच्या सुईवर अथवा गोळीवर टांगलेला आहे, अशा मुलांना महापुराच्या प्रसंगीं सुरक्षित स्थळीं कसें न्यावें, हा तो विषय. समारंभाला तो शोभत नाहीं असें कोणास वाटल्यास आम्ही इतकेंच सांगूं कीं, सर्व वाड्यावस्त्यांवरचीं कुटुंबें एका ठिकाणीं जमण्याचा योग वर्षांतून फार थोड्या वेळां येतो, आणि या कामाला सर्व कुटुंबेंच लागतात. एकट्या घराचें हें काम नव्हे.

प्रथम आपल्या पाण्याविषयीं बोलूं. इंदापूर तालुका हा दोन नद्यांच्या कुशींतला मुलूख आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि दोघींचा संगम नीरा-नरसिंहपूर येथें. आपलें कळंब नीरेच्या अंगाचें. पाऊस आपल्याकडे बेताचाच पडतो. आपल्या वडिलांनीं दुष्काळ पाहिले, पाण्याच्या घागरीसाठीं पायपीट केली, म्हणून पुराची गोष्ट काढली कीं कित्येकांना हसूं येतें. परंतु नीरेला जें पाणी येतें तें आपल्या आभाळांतून पडलेलें नसतें. तें भोरकडच्या सह्याद्रीच्या रांगांत पडतें. १९२८ सालीं पुरें झालेलें भाटघर, त्यानंतरचीं वीर, नीरा-देवघर व गुंजवणी हीं धरणें तुडुंब झालीं, म्हणजे वीर धरणाच्या दारांतून सुटलेलें पाणी खालीं आपल्या शिवारास येऊन भिडतें. त्यामुळें कळंबच्या अंगणांत लख्ख ऊन पडलें आहे आणि नदी मात्र दोन्ही थड्या भरून चालली आहे, असा चमत्कार घडतो. यांत एक भलें आहे. धरणांतून किती क्युसेक पाणी सोडलें हें सरकारी खात्याकडून जाहीर होतें, आणि तें पाणी आपल्यापर्यंत पोंचावयास कांहीं तास जातात. हे तास म्हणजे आपलें भांडवल होय. तें भांडवल बहुतेक घरांत नदी पाहावयास जाण्यांत खर्च होतें, हें मात्र खेदानें सांगावें लागतें.

दुसऱ्या प्रकारचा पूर असा सवड देत नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत पुरंदर भागांत एका रात्रींत पाऊस कोसळला, नाझरे धरणाचें पाणी कऱ्हेंत उतरलें आणि बारामतींतील नदीकांठच्या लोकांना घाईघाईनें हलवावें लागलें. १४ ऑक्टोबर २०२० रोजीं आपल्याच तालुक्यांत असा पाऊस झाला कीं एरवीं कोरडे असणारे ओढे नद्यांसारखे वाहिले. निमगांव केतकीस घरांत पाणी शिरलें. आणि २५ मे २०२५ रोजीं, मृग लागण्यापूर्वींच, बारामती व इंदापूर तालुक्यांवर पाऊस उतरला, पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, व राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचीं पथकें या दोन तालुक्यांत धाडावीं लागलीं. ज्या कालव्यानें या प्रदेशास ऊंस दिला, तोच कालवा घरांत शिरला. तेव्हां आपल्या भागांत पूर येत नाहीं, हें वाक्य आतां आपण बोलूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. धडधाकट माणसांच्या घरीं पूर म्हणजे उंबऱ्याला लागलेलें पाणी. पाणी उंबऱ्याला लागलें कीं तीं माणसें गांठोडें बांधतात, म्हातारीला पाठुंगळीं घेतात, जनावरांचीं दावीं सोडतात आणि उंचवट्याकडे निघतात. तेवढें त्यांना पुरतें. परंतु यंत्रावर असलेल्या मुलाचा पूर त्याच्या कितीतरी आधीं सुरू झालेला असतो. पाणी चढूं लागलें कीं पहिली जाते ती वीज. पाण्यांतून विजेचा धक्का बसून माणसें दगावूं नयेत म्हणून ती मुद्दाम बंद केली जाते, आणि तें योग्यच आहे. त्यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु घर कोरडें, अंगण कोरडें, आणि मुलाचें यंत्र मात्र बंद, अशी ती घटका असते. त्यामागोमाग ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखालीं जातो व दवाखान्याची वाट तुटते. मग मोबाइलचा मनोरा मुका होतो. घरांत पाणी येईपर्यंत या मुलाचे सर्व दोर कापले गेलेले असतात. म्हणून आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, या मुलानें गांवांतून सर्वांच्या आधीं निघावें, रस्ता कोरडा असतां निघावें, आणि त्याच्या निघण्याची घटका पाण्याकडे पाहून ठरवूं नये, तर वीज व वाट यांच्याकडे पाहून ठरवावी.

हें केवळ तर्काचें बोलणें नाहीं. २०१५ च्या डिसेंबरांत चेन्नई शहर बुडालें, तेव्हां तेथील एका मोठ्या रुग्णालयाचीं जनरेटर यंत्रें पाण्याखालीं गेलीं, आणि त्या दिवसांत तेथें १८ रुग्ण दगावल्याचें सांगण्यांत आलें. मृत्यूचें कारण वीजच होतें कीं मूळचा आजार, याविषयीं पुढें वाद झाला. परंतु श्वासाचें यंत्र विजेवांचून चालत नाहीं याविषयीं वाद नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें. तेथें कोविडच्या एका रुग्णालयांत पाणी शिरून वीज बंद पडली, आणि आठ रुग्ण दगावल्याची वार्ता सर्व महाराष्ट्रानें वाचली. हीं तर रुग्णालयें होतीं. तेथें डॉक्टर होते, परिचारिका होत्या. मळ्यांतल्या एकाकी घरांत, आई आणि आजी एवढींच माणसें असतां, काय होईल याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

याउलट, वेळ अगदीं शेवटची असतांहि माणसें पुरेशीं असल्यास काय साधतें, याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्रीं सँडी नांवाच्या वादळानें समुद्राचें पाणी न्यूयॉर्क शहरांत आलें, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयांतील वीज गेली. नवव्या मजल्यावर २० नवजात बालकें अतिदक्षता कक्षांत होतीं. कांहींचा श्वास यंत्रावर होता. लिफ्ट बंद. तेव्हां परिचारिकांनीं एकेक बालक उराशीं धरलें, श्वासाची पिशवी हातानें दाबीत दाबीत, विजेऱ्यांच्या उजेडांत नऊ मजले पायऱ्यांनीं उतरून तीं बालकें खालीं आणिलीं आणि तीं सर्व दुसऱ्या रुग्णालयांत सुखरूप पोंचलीं. वर्तमानपत्रांनीं त्यांच्या धैर्याची स्तुति केली, व ती यथार्थ होती. आम्हांस मात्र त्या वृत्तांतांतील दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवावीशी वाटते. प्रत्येक बालकाभोवतीं चार-पांच माणसें होतीं, आणि त्यांनीं कामें आपसांत वांटून घेतलीं होतीं. आपण मात्र अशा मुलाला बाप पुढें, आई मागें आणि मूल मध्यें, असें मोटारसायकलवर बसवून पाठवूं पाहतों. त्यांत यंत्र कोणीं धरावें, मुलाचा चेहरा कोणीं पाहावा, याला माणूसच उरत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील दोन गोष्टी याच्या जोडीला सांगतों. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली. सुमारें एक हजार उतारू होते आणि त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. सर्वांची सुटका झाली. नौका आणि दोर यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें. परंतु कोरड्या जमिनीवर डॉक्टरांचें पथक, त्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि रुग्णवाहिका आधींच येऊन उभ्या होत्या, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नाहीं. नाजूक जिवाची सुटका पाण्याच्या कांठाशीं संपत नाहीं. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. त्याच वर्षीं ऑगस्टांत कृष्णेनें सांगलीस आयर्विन पुलाशीं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथें ४५ फूट ही धोक्याची खूण आहे. पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें गांव सोडून निघालेल्या लोकांची नाव उलटली व अनेकांना जलसमाधि मिळाली. नावेंत माणसें झेपतील त्याहून अधिक होतीं. शेवटच्या नावेला नेहमींच गर्दी असते. ज्याला गर्दींत उभें राहतां येत नाहीं, पाण्यांत पडल्यास क्षणभरहि दम धरतां येत नाहीं, त्या मुलासाठीं शेवटची नाव ही वाटच नव्हे.

आतां मुलांच्या प्रकृतीविषयीं. येथें आम्ही डॉक्टरांची जागा घेऊं इच्छीत नाहीं. प्रत्येक मुलाची तजवीज त्याच्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावी. परंतु काय विचारावें हें तरी ठाऊक असलें पाहिजे.

घरीं प्राणवायूवर असलेल्या मुलाजवळ बहुधा हवेंतून प्राणवायु वेगळा करणारें विजेचें यंत्र असतें. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर तें तीन-चार तासांहून अधिक चालेल असें धरूं नये. म्हणून भरलेला सिलिंडर जवळ हवा, आणि तो किती वेळ पुरेल याचा हिशेब आईला तोंडपाठ हवा. बी टाईप म्हणून जो मध्यम आकाराचा सिलिंडर मिळतो त्यांत सुमारें १५०० लिटर वायु मावतो. मिनिटास दोन लिटर लागत असल्यास तो साडेबारा तास जाईल; चार लिटर लागल्यास सव्वासहा. यांतून वाटेंतला खोळंबा वजा करावा, आणि बारामतीच्या सरकारी रुग्णालयांत अथवा पुढें पुण्यास ससूनमध्यें पोंचण्यास लागणारा वेळ धरावा, म्हणजे कितव्या तासाला निघालें पाहिजे तें आपोआप कळतें. सिलिंडर जीपमध्यें मोकळा ठेवूं नये, दोरीनें घट्ट बांधावा, आणि त्या गाडींत बिडी कोणीं ओढूं नये. हें शेवटचें सांगावें लागतें, कारण ड्रायव्हर हा आपलाच भाऊ असतो व त्याला कोणी हटकीत नाहीं.

ज्या मुलाच्या गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसविली आहे त्याची गोष्ट सर्वांत निराळी. इतर मुलाचें तोंड पाण्यावर राहिलें म्हणजे झालें. या मुलाच्या गळ्याशीं पाणी आलें कीं तें थेट फुफ्फुसांत जातें. त्याला खांद्यावर बसवून छातीभर पाण्यांतून नेणें, ज्याचीं छायाचित्रें आपण कौतुकानें पाहतों, हें मरणाला आमंत्रण होय. त्याला पाण्याच्या आधींच नेलें पाहिजे. त्याच्या पिशवींत त्याच मापाची एक व त्याहून एक माप लहान अशी दुसरी, अशा दोन जादा नळ्या असाव्यात. कफ ओढण्याचें विजेचें यंत्र बंद पडेल हें धरून हातानें अथवा पायानें चालणारें साधें यंत्र असावें. हातानें दाबावयाची श्वासाची पिशवी, जिला दवाखान्यांत अंबू बॅग म्हणतात, ती दोघांना तरी वापरतां आली पाहिजे. एकट्या आईला येऊन भागत नाहीं. तिचा हात थकतो.

मधुमेही मुलांचें दुखणें वरून दिसत नाहीं, म्हणून त्यांचा विसर पडतो. मूल खेळतें, शाळेंत जातें, मग त्याला काय झालें आहे, असें शेजारी म्हणतात. परंतु लहानपणापासून ज्याला इन्शुलीन लागतें त्या मुलाचें इन्शुलीन तुटलें तर दोन दिवसांतहि त्याचा जीव धोक्यांत येतो. मूल उपाशी आहे म्हणून इन्शुलीन अजिबात थांबवावें, ही समजूत प्राणघातक आहे. अशा वेळीं मात्रा किती ठेवावी हें डॉक्टरांकडून आधींच लिहून घ्यावें. साखर उतरल्यास देण्याला खिशांत गूळ-साखर असावी. फ्रिज बंद पडल्यास घाबरून बाटली बर्फांत खुपसूं नये, कारण गोठलेलें इन्शुलीन निकामी होतें. आपल्या घरचें मातीचें मडकें, बाहेरून ओलें फडकें गुंडाळून सावलींत ठेविलेलें, या कामीं उत्तम. गरिबाच्या घरची ही वस्तु परदेशच्या निर्वासितांच्या छावण्यांतहि वापरतात. बाटली मात्र पिशवींत घालून कोरडी ठेवावी.

फेंफऱ्याच्या मुलाची गोळी एकाएकीं चुकली तर झटके नेहमींहून जोरानें येतात. म्हणून दोन आठवड्यांचा साठा पावसाळाभर घरांत असावा. थॅलेसेमियाच्या मुलाला ठराविक आठवड्यांनीं रक्त द्यावें लागतें. ज्याची पाळी जवळ आली असेल त्यानें पुराच्या सूचनेबरोबर गांव सोडावा. ज्यांचा डॉक्टर नीरेपलीकडे अकलूजकडे आहे त्यांनीं अलीकडच्या कांठाचा दुसरा डॉक्टर आधींच पाहून ठेवावा, कारण नदी भरली कीं पलीकडचा डॉक्टर परदेशांत असल्यासारखाच.

अपुऱ्या दिवसांचें बालक असल्यास त्याला दुपट्यांत गुंडाळून टोपलींत ठेवण्यापेक्षां आईच्या उघड्या छातीशीं, अंगाला अंग लावून, वरून पदर व घोंगडी असें न्यावें. त्याला ऊब देणारें याहून चांगलें यंत्र वाटेंत मिळणार नाहीं. ज्या मुलांचे हातपाय जन्मापासून आंखडलेले आहेत, मान स्थिर राहत नाहीं, त्यांना उताणें निजवून नेऊं नये. वांतीचा ठसका लागून गुदमरतात. डोकें व पाठ उंच ठेवून, मजबूत चादरीच्या झोळींत, दोघांनीं धरून न्यावें. त्यांची चाकाची खुर्ची नावेंत चढत नाहीं, पण ती मागें टाकून दिली तर पुढें महिनाभर तें मूल जमिनीवर पडून राहतें. म्हणून खुर्ची दुसऱ्या गाडीनें कोण आणील हें ठरवून ठेवावें. आणि जें मूल बोलत नाहीं, गोंगाटानें बिथरतें, अनोळखी हात लागला कीं ओरडतें, त्याच्या जवळ एक ओळखीचा माणूस आणि त्याची एक ओळखीची वस्तु सतत हवी. सुटकेसाठीं आलेल्या जवानाला तें मूल हट्टी वाटतें. तें हट्टी नसतें, भ्यालेलें असतें.

सर्व मुलांसाठीं एक कागद मात्र सारखाच. त्यावर मुलाचें नांव, आजार, औषधांचीं मूळ नांवें व मात्रा, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा व दोन नातलगांचा दूरध्वनि, आणि मुलाचें वजन किलोंत. वजन हें आम्ही मुद्दाम सांगतों. लहान मुलाचें प्रत्येक औषध वजनावर ठरतें, आणि मध्यरात्रीं परक्या गांवच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच पडतो. दर तीन महिन्यांनीं तें खोडून नवें लिहावें. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवींत घालाव्यात, व एक शेजारच्या घरीं ठेवावी.

पवित्र शास्त्रांतील मोशेच्या मातेची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. लहान मुलांच्या चित्रांत ती टोपली कमळांमध्यें तरंगतांना दाखवितात. पण त्या मातेनें टोपलीला आधीं डांबर व राळ यांचा लेप दिला होता, आणि बहिणीला कांठावर उभें केलें होतें, हें चित्रकार बहुधा विसरतात.

आतां कांठावर कोणीं उभें राहावें, हा प्रश्न. सरकारचें काय कर्तव्य आहे तें आधीं सांगतों, कारण हक्क माहीत असावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो २०१६ चा कायदा आहे त्याच्या आठव्या कलमांत असें ठरविलें आहे कीं, जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें जिल्ह्यांतील दिव्यांगांची नोंद ठेवावी व धोक्याची सूचना त्यांना पोंचवावी. याशिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून जी योजना २०१३ सालीं पालघर येथून सुरू झाली, तिचीं पथकें अंगणवाड्यांत व शाळांत मुलें तपासतात. हृदयविकाराचीं, जन्मजात व्यंगाचीं मुलें त्यांना ठाऊक असतात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८. हीं साधनें आहेत व तीं वापरावींत. पण त्या नोंदींत कोण सुटतें तें पाहा. मधुमेहाचें मूल दिव्यांग गणलें जात नाहीं. काल दवाखान्यांतून प्राणवायूसह घरीं आलेलें बालक कोणत्याच यादींत नसतें. आणि ऊंसतोडीसाठीं बीडकडून आलेल्या कुटुंबांचीं मुलें, ओढ्याकांठच्या कोपींत राहणारीं, तीं ना तिकडच्या यादींत, ना इकडच्या. २०२० चा पूर ऑक्टोबरांत आला, म्हणजे हीं कुटुंबें येण्याच्या सुमारासच. हीं मुलें कोठें आहेत हें जिल्ह्याच्या कचेरीला कळणार नाहीं. तें दूधवाल्याला, आशाताईला, अंगणवाडीच्या बाईंना आणि मिस्सेला शेजारीं बसणाऱ्या बाईला कळतें. यादी धर्म पाहून करूं नये, हें या ठिकाणीं सांगण्याची गरज नसावी.

एक अडचण उरते, आणि आमच्या मतें तीच सर्वांत मोठी. आई निघत नाहीं. तिला मुलाची काळजी नाहीं असें नव्हे. तिच्या पाठीशीं गाय आहे, दुसरीं दोन मुलें आहेत, सासू आहे, आणि गेल्या खेपेस निघालों तेव्हां पूर आलाच नाहीं, पांचशें रुपये गाडीला गेले आणि लोक हंसले, ही आठवण आहे. सूचना मिळाल्यावर निघालेल्या घराला तीनदां उगीच जावें लागेल व चौथ्यांदा खरेंच जावें लागेल. कोणती खेप खरी तें निघतांना कोणालाच कळत नाहीं. म्हणून तिला उपदेश करूं नये. तिची उगीचची खेप स्वस्त करावी. गाडीभाडें तिच्या पदरचें पडूं नये. गाईची धार शेजाऱ्यानें काढावी. मागें राहिलेल्या मुलांचें जेवण कोणाच्या घरीं, हें आधींच ठरलेलें असावें. आणि पूर न येतां ती परत आली तर कोणीं हंसूं नये. या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाहीं, तरी तीच सर्वांत कठीण आहे.

मुक्कामाचें स्थळहि आज ठरवावें. शाळेच्या वर्गांत सतरंजीवर शंभर माणसांत हें मूल ठेवणें सोयीचें नाहीं. तेथें विजेची खात्री नसते, आणि ताप-खोकला मुलांत लौकर पसरतो. उंचावरच्या गांवांतील नातलगाचें घर, जेथें वीज आहे व दवाखाना जवळ आहे, तें पहिलें. तसें नसल्यास रुग्णालय. पण मूल आज आजारी दिसत नाहीं म्हणून दाखल करून घेण्यास खळखळ होते, तेव्हां डॉक्टरांची चिठ्ठी आधीं घेऊन ठेवावी. चर्चच्या सभागृहांत कांहीं घरें येतीलच. तेथें जनरेटर कोठें ठेवावयाचा याचा विचार चेन्नईची गोष्ट आठवून करावा. तो तळाशीं नको. दाराशीं ज्या तीन पायऱ्या असतील त्यांवर फळीचा उतार घालण्याचें काम सुताराला एका दिवसाचें आहे.

फादरांच्या परवानगीनें आम्हीं एक कोरी वही बरोबर आणिली आहे. जेवणापूर्वीं प्रत्येक वाडीवस्तीच्या एका माणसानें पुढें यावें आणि आपल्या भागांत अशीं मुलें किती, घर कोणतें, ओढ्याच्या अलीकडे कीं पलीकडे, एवढें लिहावें. दुसऱ्या पानावर गाड्या लिहूं: कोणाची जीप, कोणाचा टेंपो, रात्रीं किल्ली कोणाकडे. तिसऱ्या पानावर, यंदाच्या पावसाळ्यांत वीर धरणाचा विसर्ग रोज पाहून त्या घरांना कळविण्याचें काम कोण करील त्याचें नांव. हें काम तरुण मंडळींपैकीं दोघांनीं घ्यावें. एकजण परगांवीं असला तर दुसरा असावा. वही टेबलावर ठेविली आहे, लेखणीहि आहे.